दक्षिणेच्या भिंतीवरचा खिळा

वडील गेल्यावर तेराव्याच्या दिवशी काकांनी त्यांचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लावला. चांगला दोन फूट उंच, मागे प्लायवूड, वर चंदनाचा हार. गेलेल्या माणसाचा फोटो आमच्याकडे दक्षिणेलाच लावतात, आणि पेडगावच्या आमच्या घरात त्या भिंतीवर एकच भक्कम खिळा होता. त्याच्या बरोबर खाली विजेचा बोर्ड. फोटोखाली तो पुरता झाकला गेला.

"बटणं कशी दाबायची?" मी विचारलं.

"फोनवरूनच चालायलंय की सगळं," काका म्हणाले. "तुझ्या बापानंच करून ठेवलंय. झाकला बोर्ड तर काय बिघडायलंय?"

आईचे गुडघे धरले तेव्हा वडिलांनी बोर्डाच्या आत रिले बसवून घेतला होता. काडेपेटीएवढी डबी; आईने बाजेवरून फोनला बोट लावलं की कूलर सुरू. डबी जास्त तापली तर ती आपोआप बंद व्हावी, यासाठी एक आकडा ठरवून द्यावा लागतो. एवढ्या आकड्यासाठी वडिलांनी अख्खा उन्हाळा घेतला. शाळामास्तरच ते. रोज दुपारी तीनला, कूलर चालू असताना, डबीचं तापमान फोनवर बघून वहीत उतरवायचे. सगळ्यात कडक दुपारी ते अठ्ठावन्न अंश भरलं. त्यांनी आणलेल्या वायरचं प्लास्टिक सत्तरपर्यंतच टिकणारं होतं. म्हणून सत्तर. खाली त्यांच्या अक्षरात लिहिलं आहे : 'बंद पडल्यास आकडा वाढवू नये. कारण शोधावे.'

यंदा एप्रिलमध्ये कूलर भर दुपारी बंद पडू लागला. मी परभणीला ग्रंथालयात कामाला असते. तिथे माझ्या फोनवर सूचना यायची : सत्तर अंश, स्विच बंद. एका दुपारी शेजारणीला आई बाजेवर घामाने निथळत, डोळे मिटून पडलेली दिसली. तिने काकांना हाक मारली. काकांनी आईचा फोन घेतला, आकडा पंच्याण्णव केला, आणि कूलर सुरू झाला.

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा ते चहा पीत बसले होते.

"मशीन जरा गरम झाली की बंद! मान्सानं मरायचं का मग?"

"काका, आकडा परत सत्तरवर आणायला लागेल."

"आन तुझी माय तडफडली म्हंजी?"

"आणि ती झोपलेली असताना भिंत पेटली म्हणजे?"

काकांनी कप खाली ठेवला. मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. घरात मी पुस्तकात तोंड खुपसून बसणारी. दुःखाच्या घरात तर बाईने आणखीच गप्प बसावं, अशी सगळ्यांची अपेक्षा.

कारण सापडेपर्यंत आकडा तसाच ठेवला, पण रात्रभर कूलरवर नजर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी रजा घेतली. दुपारी तीनला फोनवर चौऱ्याऐंशी अंश दिसत होते. मी फोटोच्या काचेवर हात ठेवला. काच गरम होती. वडिलांच्या कपाळावर हात ठेवावा तशी. क्षणभर मला हात काढवेना. पण तो ताप त्यांचा नव्हता.

मेन स्विच बंद केला, स्टुलावर चढले आणि फोटो उतरवला. मागचं प्लायवूड बोर्डाएवढ्या चौकोनात तपकिरी पडलं होतं. डबीची ऊब बाहेर जायला वाटच उरली नव्हती; तिच्यापुढे आम्ही वडिलांनाच उभं केलं होतं.

वायरमनला बोलावलं, त्याने बोर्ड उघडून पाहिला. प्लास्टिक एका ठिकाणी मऊ होऊन चिकटलं होतं. त्याने वायर बदलली, स्क्रू आवळले. मी आकडा सत्तरवर आणला आणि फोटो उत्तरेच्या भिंतीला, वडिलांच्या पुस्तकांच्या फळीवर टेकवून ठेवला.

बातमी लागताच काका आले. दारातूनच म्हणाले, "वर्षसराद होईस्तोर फोटो हालवायचा न्हाई, येवढं बी कळंना का? उत्तरंला बापाचा फोटो! लय शिकली म्हनून आसं करतेत व्हय?"

मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. मीही हात मागे घेतला नाही.

बाजेवरून आई म्हणाली, "भाऊजी, त्येंनीच बघितलं आसतं तर सोताच खाली उतरले आसते."

काका चहा न घेताच गेले. त्यानंतर कूलर एकदाही बंद पडला नाही. मे महिन्यातल्या सगळ्यात वाईट दुपारी डबीच्या तापमानाचा आकडा एकोणसाठ होता. वडिलांच्या नोंदीखाली मी तो माझ्या अक्षरात लिहिला.

वर्षश्राद्धाला फोटो पुन्हा दक्षिणेला लावायचा, असं काकांनी भावकीत ठरवलंय, असं कानावर आलं. ठरवू देत. मी खिळा उपटला आहे आणि भोक सिमेंटने बुजवलं आहे.