काळ्या तेलाची पिंपं

मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश झाला आणि ग्वाल्हेरची कचेरी-कचेरी नव्या राजधानीच्या, भोपाळच्या वाटेला लागली, तेव्हा शिंदे की छावनी या मोहल्ल्यातला सरकारी मोटारींचा कारखानाही उठवायचं ठरलं. माझे वडील तिथे फोरमन होते. आमचं घर कारखान्याच्या मागच्याच गल्लीत. मी कॉलेजात होते.

हत्यारं, टायर, इंजिनं ट्रकांत चढली. उरलं ते मोटारींतून काढलेलं जळकं तेल. पिंपंच्या पिंपं भरलेली होती, आणि ती भोपाळला कोण नेणार? बाहेरून आलेल्या नव्या साहेबांनी हुकूम सोडला, "नाली में बहा दो." वडील म्हणाले की नाली गल्लीतल्या विहिरीला लागून जाते. साहेबांनी ऐकलं नाही. एक पिंप रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी घागरीतल्या पाण्यावर रंगीत तवंग होता. भात शिजवला तर त्याला गॅरेजचा वास. आईने तो भात गाईपुढेही टाकला नाही, मातीत पुरला. मग पदर खोचून निघाली. मी मागोमाग गेले.

कारखान्यात ती सरळ भरलेल्या पिंपावर जाऊन बसली. शेजारच्या पिंपावर मी बसले. तिचं लुगडं, माझी साडी, दोन्ही काळी झाली. पाहता पाहता गल्लीतल्या बायका आल्या.

साहेब वडिलांना म्हणाले, "अपनी घरवाली को समझाइए."

वडील इतकी वर्षं वरिष्ठांसमोर मान खाली घालून उभे राहिलेले मी पाहिले होते. आज ते म्हणाले, "साहब, समझाने जैसा कुछ नहीं है. पानी तो हम सब वही पीते हैं."

साहेबांनी बदलीचा धाक घातला, "तबादला याद रखिए."

आईच बोलली, तिच्या मोडक्या हिंदीत, "तबादला करो. तेल यहाँ नहीं गिरेगा."

संध्याकाळपर्यंत आम्ही हललो नाही. शेवटी वडिलांनीच शहराबाहेरच्या वीटभट्टीवाल्याला गाठलं. भट्टी पेटवायला त्याला ते तेल हवंच होतं. दुसऱ्या दिवशी बैलगाड्या आल्या, प्रत्येक पिंपाचं झाकण वडिलांनी स्वतः आवळलं आणि भट्टीपर्यंत गाड्यांबरोबर चालत गेले.

साहेबांनी शब्द पाळला. बाकीचे फोरमन भोपाळला गेले, वडिलांना कुठल्याशा आडगावच्या डेपोत टाकलं. नातेवाईक आईला म्हणाले, "गप्प बसली असतीस तर राजधानीत राहिली असतीस." ती म्हणाली, "आणि इथल्यांनी काय प्यायलं असतं?"

वडील एकटेच पुढे गेले. आम्ही विहीर दोनदा उपसून घेतली. पाणी पुरतं निवळेपर्यंत आईने सामान बांधायला घेतलं नाही. नव्या गावी पोचल्यावर तिने वडिलांना पहिलं विचारलं, "इथल्या डेपोतलं तेल कुठे जातं?"

वडील हसले. म्हणाले, "आल्या दिवशीच बंदोबस्त केला."