शिकवायला माणसं गोळा करणाऱ्या बाई

पौड रस्त्यावरून जाणारा एकही माणूस आमच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या तावडीतून सुटलेला नाही, असं म्हटलं तर त्यात थोडी अतिशयोक्ती आहे; पण सुटलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. मी मूळचा परभणीचा, नोकरी कंप्युटरची, घर पुण्याजवळ भुकूमला. एका शनिवारी कासार आंबोलीच्या पुढे रस्ता चुकलो आणि एका माध्यमिक शाळेच्या फाटकाशी पत्ता विचारायला थांबलो. स्कूटरवरून नुकत्याच उतरलेल्या, हेल्मेट तसंच डोक्यावर असलेल्या एका बाईंनी पत्ता सांगायच्या आधी मलाच विचारलं, "तुम्हाला काय येतं?" मी म्हटलं, सॉफ्टवेअर तपासतो. "म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढता? मग दर शनिवारी या. आमच्या नववीकडे चुका भरपूर आहेत." मी गेली सहा वर्षं जातोय. त्या दिवशी शोधत होतो तो बंगला मात्र राहूनच गेला.

बाईंना माणसाचं शिक्षण, गाव, पगार यांत काडीचा रस नव्हता. त्याच्या हातात काय आहे, एवढंच कुतूहल. मैदान सपाट करायला आलेल्या जेसीबीवाल्याला त्यांनी तरफ शिकवायला उभं केलं. तो घाबरून म्हणाला, "मॅडम, मैं तो सातवी फेल हूँ." बाई म्हणाल्या, "काही हरकत नाही, हा धडा आठवीचा आहे." त्यानं त्या अजस्र लोखंडी हातानं एक अंडं न फोडता उचलून दाखवलं आणि पोरांनी अशा टाळ्या वाजवल्या की त्याचे डोळे पाणावले. एका लग्नाच्या पंगतीतून तर त्या आचाऱ्यालाच घेऊन आल्या. पन्नास पानांच्या आमटीला इतकं मीठ, तर दोनशे पानांना किती? वर्गानं चौपट सांगितलं. आचारी शांतपणे म्हणाला, "लेकरांनो, आमटी फेकावी लागंल. मोठ्या भांड्याला मीठ जरा कमीच लागतं." गणिताच्या सरांना तो आठवडाभर आवडला नाही.

पण मला आठवते ती डोंगरवस्तीवरची मुलगी. नववीत होती, यायची बंद झाली. बाई मला स्कूटरवर मागे बसवून वर घेऊन गेल्या. मुलीची आई अंगणात रानभाज्या निवडत बसली होती. मुलगी दाराआड. आई म्हणाली, "न्हाई यायची ती आता. तिचं बोलणं आयकून समदी हसत्यात." बाई काहीतरी समजुतीचं बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. तर त्या भाज्यांपुढे उकिडव्या बसल्या. हे काय? हे कुठं उगवतं? याचं देठ खातात का? तासभर हेच! मला वाटलं, कशासाठी आलोय ते बाई पार विसरल्या. उठताना म्हणाल्या, "सोमवारी शाळेत या. शिकवायला."

"मला वाचता बी येत न्हाई, बाई."

"मला यातलं एक पान ओळखता आलं नाही. तेवढ्यानं काय माझी शाळा थांबली?"

पुढचं मला शनिवारी पोरांनी सांगितलं. सोमवारी ती आली नाही, मंगळवारीही नाही. बाई दर तासाला व्हरांड्यात येऊन रस्ता बघायच्या आणि कुणी पाहिलं तर झाडांना पाणी घातल्याचं नाटक करायच्या. गुरुवारी ती आली. डोक्यावर गाठोडं, मागे मुलगी, साध्या फ्रॉकात. वर्गात आधी खुसखूस झाली. आईनं घाबरत दोन पानं पुढे केली, हुबेहूब सारखी. "यातलं कुटलं घरी न्यायचं?" विज्ञानाचे सर पुढे झाले, चष्मा पुसला आणि ठामपणे एक पान उचललं.

दाराशी उभी असलेली मुलगी पटकन बोलली, "सर, त्यानं माणूस आजारी पडंल!"

सगळा वर्ग हसला. या वेळी सरांना. सर स्वतःही हसले आणि त्यांनी ते पान दूर धरलं. मग पोरांनी त्या मुलीला घेरलं. कसं ओळखायचं, वास घ्यायचा का, आणखी कुठली असतात? शुक्रवारी ती गणवेश घालून आली. पुढे दहावी झाली. आता पौडला अकरावीत आहे.

बाई निवृत्त होऊन लेकीकडे महाळुंग्याला राहायला गेल्या. मागच्या महिन्यात भेटायला गेलो. चौदावा मजला, खिडकीतून फक्त समोरची इमारत. मी शाळेच्या गोष्टी सांगत राहिलो. त्यांनी मध्येच विचारलं, "तिची आई येते का अजून?"

"येते. पावसाळाभर, दर गुरुवारी."

"गाठोडं तीच उचलते, की पोरं घेतात?"

"पोरं फाटकापासून घेतात."

मी निघालो तेव्हा बाई मला पोचवायला लिफ्टनं खाली आल्या. नको म्हटलं तरी गेटपर्यंत चालत आल्या. मी गाडी वळवून आरशात पाहिलं तेव्हा त्या तिथेच, चपला नीट न घालता, रस्त्याकडे बघत उभ्या होत्या.