आतली पट्टी

अशा गोष्टी ऐकल्या की मला हसू यायचं. बारामती एमआयडीसीत एका कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळते मी. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं... एवढंच मला ठाऊक. तरीही हे लिहितेय.

माझं माहेर शेळगाव, तालुका इंदापूर. थोरला भाऊ विलासदादा गावात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचा. मागच्या उन्हाळ्यात मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. वहिनीनं ते काम पुढं चालवायचं ठरवलं, पण त्याचा जुना डेस्कटॉप सुरू व्हायलाच पंधरा मिनिटं घ्यायचा. म्हटलं, विंडोज काढून लिनक्स टाकू. हलकं असतं, पळेल.

तीन रविवार गेले! इन्स्टॉलेशन कधी निम्म्यावर अडकायचं, कधी अगदी शेवटी एरर. पेनड्राइव्ह बदलला, फाइल परत डाउनलोड केली, हार्डडिस्कची केबलही नवी घातली. वहिनी चहा आणून ठेवायची. तिसऱ्या रविवारी दुपारी मी वैतागून म्हटलं, "वहिनी, भंगारात घाला हे."

बाहेर पडवीत बाजेवर आमचे वडील, आबा, पडले होते. तिथूनच म्हणाले, "आत दोन पट्ट्या हायत न्हवं? त्यातली आतल्या अंगाची काढ."

मी बाहेर आले. "कसल्या पट्ट्या, आबा?"

"मला काय ठावं? विलास म्हणतोय."

म्हणतोय... वहिनी दारातच थिजली.

आबांचं आयुष्य आधी मेंढरांमागं आणि मग उसात गेलं. त्या डब्याचं झाकण उघडलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी उघडलं. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या. आतली काढली, पुन्हा सुरू केलं — अर्ध्या तासात लिनक्स बसलं.

मेमरी मी पहिल्याच रविवारी तपासायला हवी होती, ही चूक माझीच. दादाचं बोलणं कधीतरी आबांच्या कानावर पडलं असेल, असंही वाटलं. पण वहिनी म्हणाली, "ते असताना हे एकदाबी अडकलं न्हवतं. मग ते पट्टीचं कशाला बोलतील?" मग तिनं आबांना विचारलं, "अजून काय म्हणाले?"

आबा बाजेवर उठून बसले. "काय न्हाय. मशीनपुरतंच बोलला."

ती पट्टी मी ऑफिसात दुसऱ्या मशीनला लावून पाहिली. खराबच होती.

वहिनीचं काम आता नीट चाललंय. गेल्या महिन्यात मी निघाले तेव्हा आबा रस्त्यापर्यंत आले. हळूच म्हणाले, "बाय, ते मशीन आता परत न्हाय ना बिघडायचं?"

"नाही आबा, काळजी नको. चांगलं चालेल आता."

"व्हय..." म्हणाले, आणि तिथंच उभे राहिले.

एसटी बारामतीत शिरली तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं... आबांना ते बिघडायला हवं होतं.