बकऱ्याच्या जंतांची पिशवी

धारवाडला लॅबमध्ये मी बकऱ्यांच्या पोटातले जंत वाटून त्यांतलं एक एन्झाइम मोजत असे. आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. तिथं जंत तगतो तो ह्या एन्झाइमच्या जिवावर. आपल्याला ते लागत नाही. औषध नेमकं तेच अडवतं. जंताची चूल विझते, माणसाला धक्का नाही. हे मी भेटेल त्याला ऐकवायची. फार शहाणी होते ना मी!

जंत आणायला हुबळीच्या खाटीकखान्यात जावं लागे. घरी आईचं सोवळं कडक. माझी पिशवी मागच्या दारी आणि मी थेट न्हाणीघरात. त्यावरून रोज भांडण.

अक्काची पाच वर्षांची मुलगी तेव्हा आमच्याकडेच होती, मायलेकी दोघी. पोरीचं पोट टमटमीत, हातापायाच्या काड्या. मी सुभाष रोडवरून जंताच्या गोळ्या आणल्या. आंघोळ करून गोळ्या त्याच पिशवीतून काढल्या, आईच्या हातात दिल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, "दिल्यास?"

"दिल्या की गं," आई म्हणाली.

त्याच दिवशी पोरगी पोट धरून कळवळायला लागली. अक्का म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ या. मी म्हटलं, "थांब गं, जंत मरताहेत, दुखणारच." दोन दिवस मी तिला थांबवलं. माझी जीभ कशी झडली नाही!

तिसऱ्या दिवशी हिरवी उलटी झाली तेव्हा टॅक्सीनं हुबळी गाठली. डॉक्टरांनी पोट उघडलं. आत जिवंत जंतांचा गुंता, आतडं काळं पडलेलं. संध्याकाळी पोरगी गेली.

"जंताचं औषध दिलं नव्हतं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

आई भिंतीकडे बघत म्हणाली, "खाटीकखान्यातल्या पिशवीतल्या गोळ्या लेकराच्या तोंडात कशा घालू? वावडिंगाचा काढा दिला."

मी तिथंच आईवर ओरडले, नाही नाही ते बोलले. अक्का त्यानंतर आमच्या घरी आली नाही. माझा प्रबंध मात्र वेळेत पुरा झाला, वर शाबासकीही मिळाली.

आता आई अंथरुणाला खिळलीय. मी लॅबमधून येते आणि आंघोळ न करताच तिच्या तोंडात गोळी घालते. ती मुकाट गिळते. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "आता चालतं होय गं?"

तिनं पाणी संपवलं, पेला माझ्या हातात दिला.

"माझं चुकलंच," ती म्हणाली. "पण अक्का डॉक्टरकडे निघाली होती. तिला थांबवलं कुणी?"