सलामी विचारून वाजवायची

थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा. हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला जेवण जाणार नाही. मास्तरांची धून मी गेममधून काढणार नाहीये. नाही म्हणजे नाही. तसं लिहून कळवलंय पण, आणि आता ग्रुपवर लोक माझ्यावर तुटून पडलेत. पडू देत. पण मास्तर कोण हे कळल्याशिवाय मी एवढी का तापलेय ते तुम्हाला कळायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मास्तरांना काहीही सांगा, आधी डावा हात वर जायचा, वरात थांबवतात तसा, आणि प्रश्न यायचा, "इचारलं का?" कुणी शेजारच्या झाडाचे पेरू आणले, "इचारलं का?" कुणी दारासमोर बुलेट लावली, "इचारलं का?" एकदा काकूंनी गल्लीतल्या बारक्याला बिस्कीट दिलं तर म्हणाले, "त्याच्या आईला इचारलं का?" काकू म्हणाल्या, "तुमच्याशी लग्न केलं तवा बी इचारायला पायजे हुतं कुनाला तरी."

श्रीरामपुरात रेल्वे लाइनच्या पलीकडं आमची गल्ली. आमच्या घरासमोर बँडची खोली, पत्र्याची. मास्तर त्या बँडचे मालक आणि क्लॅरिनेट वाजवणारे. रविवारी चर्चमध्ये पेटी, लग्नसराईत क्लॅरिनेट, अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. पावसाळ्यात लग्नं बंद, मग कोट खिळ्यांना आणि मास्तर खुर्चीत.

तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि गेम बनवत होते. "वरात पुढं घ्या" नावाचा. तुम्ही नवरदेवाचे मामा. मुहूर्ताच्या आत नवऱ्याला मांडवात पोचवायचं. पुढं नाचणारी पोरं हलत नाहीत, मागं एसटी हॉर्न मारतेय, समोरून उसाचा ट्रॅक्टर येतोय, दोन ट्रॉल्यांचा, आणि एक आत्या रुसून मध्येच खाली बसलीय. भारीच होता हो! ओपन सोर्स, म्हणजे सगळा कोड सगळ्यांसमोर उघडा. कुणीही बघा, सुधारा, भर घाला. राज्यभरातली सात-आठ पोरंपोरी त्यात काम करत होती, एकमेकांचं तोंड न बघता.

फक्त बँड जमत नव्हता. इंटरनेटवर फुकट मिळणारा बँड म्हणजे परदेशी परेड. त्यावर आमची पोरं नाचेनात, कवायत करायला लागली. मी समोरच्या खोलीत गेले.

"मास्तर, एक धून पाहिजे."

"कुनाची वरात?"

"मोबाईलमधली."

हात वर. मग म्हणाले, "नवरदेव घोड्यावर हाय का गाडीत? त्यावर चाल ठरती."

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी मोबाईल घेऊन गेले तर बँडची पोरं जमलेली आणि मास्तर पूर्ण ड्रेसमध्ये. भर उकाड्यात लाल कोट, टोपी सुद्धा. मी म्हणलं, "मास्तर, फक्त आवाज घ्यायचाय." ते म्हणाले, "कोट घातल्याबिगर दम भरत न्हाई." वाजवायला घेतलं की मालगाडी यायची. मालगाडी गेली की पलीकडचं कुत्रं. शेवटी एकदाची धून मिळाली, आणि काय धून! सुरुवातीला क्लॅरिनेट एकटंच वर चढतं, थांबतं, जसं काही मागं वळून बघतंय सगळे आले का, आणि मग ढोल-ताशा धाडकन पडतो. मी खोलीतच नाचले. मास्तरांनी टोपी काढून घाम पुसला. "ही माझी सलामी हाय," म्हणाले.

आणि भांडण सुरू झालं लायसनवरून.

लायसन म्हणजे गेमसोबत ठेवलेली अट, लोकांनी त्याचं काय करायचं, काय नाही. माझा कोड मी एकदम मोकळा सोडला होता. वापरा, बदला, विका सुद्धा, फक्त बनवणाऱ्यांची नावं राहू द्या. मी मोठ्या तोऱ्यात ते मास्तरांना वाचून दाखवलं.

"आन् इचारायचं न्हाई?"

"नाही ना! तीच तर गंमत आहे, मास्तर. कुणालाच कुणाला विचारावं लागत नाही."

"मंग न्हाई."

मी चिडलेच. म्हणलं, "तुम्ही जन्मभर सिनेमाची गाणी वाजवली. पैसे घेऊन वाजवली. कुणाला विचारलं होतं?"

मला वाटलं आता मास्तर गप्प. ते खो खो हसले. "तेच तर! शिनेमाचं गानं गावाचं असतं, पोरी. पन सलामी बँडची असती. वरात निघायच्या आधी वाजवतो ती. दुसऱ्याची सलामी इचारल्याबिगर वाजवायची न्हाई. आमच्या लायनीत चालत आलंय ते." मग सांगितलं, तरुणपणी त्यांना राहात्याच्या एका बँडची सलामी फार आवडायची. एसटीनं गेले तिकडच्या मास्तरांना विचारायला. त्यांनी बसवून घेतलं, चहा पाजला, सगळ्या घरादाराची चौकशी केली आणि म्हणाले, नाही.

"मग?"

"मंग काय? चहा पिऊन माघारी आलो. अजून वाजवली न्हाई. पन त्यांच्या पोरीच्या लग्नाला आमचाच बँड हुता."

झालं. कोड मोकळा आणि धुनेला वेगळी अट: खेळा, ऐका, वाटा, पण धंद्यासाठी वापरायची असेल तर आधी विचारा. खाली माझा मेल. ग्रुपवरचा नाशिकचा एक जण म्हणाला, "हे ओपन सोर्सच नाही. अर्धवट उघडं दार आहे हे. कोण विचारत बसणार?" खरं सांगू? मला तेव्हा त्याचंच पटत होतं.

पण लोक विचारायचे हो! पुण्याच्या एका हॉटेलवाल्याला दारात लावायची होती. एका मुलीला तिच्या मेंदीच्या दुकानाच्या व्हिडिओला. जत्रांमधून पाळणा फिरवणाऱ्या एका माणसानं तर माझ्याकडून नंबर घेऊन मास्तरांना फोनच केला. अकोले तालुक्यात होता तेव्हा, डोंगरात. "मास्तर, पाळण्याला लावू का? लोकं तिकीट काढून बसतात, म्हणून विचारतो." मास्तर उभे राहून बोलत होते. "लाव की! अन् फोन धर पाळण्यापाशी, मला ऐकू दी." मग फोन कानाला लावून डोळे मिटून उभे. पलीकडून पोरांच्या किंकाळ्या आणि स्वतःची सलामी.

मी म्हणलं, "मास्तर, हा तर पक्का धंदा आहे."

"व्हय. पन इचारलं त्यानं."

विचारणाऱ्याला ते कधीच नाही म्हणाले नाहीत. मी म्हणायचे, सगळ्यांना हो म्हणायचं तर मग मोकळंच सोडा ना! यावर ते क्लॅरिनेटची पत्ती ओठांत धरून माझ्याकडं बघायचे, आठवीतल्या पोरीकडं बघावं तसं.

मग ती कंपनी आली. नाव नाही सांगत. झटपट कर्ज देणारं ॲप. माझा कोड घेऊन त्यांनी आपल्या ॲपसाठी गेम केला, वरातीच्या जागी डिलिव्हरी बॉय घातला, आणि मी खूश, मी तर पार्टी दिली, कारण तो मोकळाच होता. पण जाहिरातीला त्यांनी सलामी पण लावली. मास्तरांना ती कोपरगावच्या एसटीत ऐकू आली, कुणाच्या तरी मोबाईलवर.

"पोरी, माझी सलामी वाजत हुती. वरात न्हाई, नवरा न्हाई. कर्ज घ्या म्हनत हुते."

"मास्तर, तुम्ही व्हायरल झालात!"

हात वर. या वेळी प्रश्न आला नाही. नुसता हात.

मी कंपनीला लिहिलं. चटकन उत्तर आलं, गोड भाषेत: रेट सांगा, लगेच देतो. मी धावत समोर गेले. मला वाटलं मास्तर बँडला नवीन ढोल घेतील. त्यांनी ऐकून घेतलं.

"रेट इचारला त्यांनी. मला कुठं इचारलं?"

"तेच आहे की ते!"

"न्हाई. काडायला सांग."

मी समजावलं, बँडची पोरं समजावून थकली, ट्रंपेटवाल्यानं तर पाय धरले. काकू आतून म्हणाल्या, "मरू द्या, एकदाचं हो म्हना." मास्तर जागचे हलले नाहीत. "कर्ज काडायला माझी सलामी वाजनार न्हाई. सांग त्यांला, मास्तर न्हाई म्हनला." मी तसंच लिहिलं, शब्दाला शब्द. कंपनीनं धून काढली. मास्तरांनी त्या दिवशी गल्लीत भजी वाटली.

मास्तर गेले, ह्याच पावसाळ्यात. सकाळी छातीत दुखलं, दुपारपर्यंत संपलं. मातीला तीन-चार बँड आले, आपापल्या ड्रेसमध्ये, वाद्यं घेऊन. पण कुणी ओठाला लावेना. शेवटी आमचा ट्रंपेटवाला काकूंकडं वळला. "काकू, वाजवू का?" काकूंनी मान हलवली, मग कुठं सलामी झाली.

आणि आता हा मेल. शाळांच्या कॉम्प्युटरमध्ये घालायला मोफत गेम आणि सॉफ्टवेअर गोळा करणारी एक मंडळी आहे. चांगली माणसं आहेत, खरंच. त्यांना आमचा गेम हवाय. किती शाळांत जाईल विचार करा! अट एकच. कॉम्प्युटर विकणारे दुकानदार पण ते भरून देतात, म्हणून सगळं धंद्यासाठी मोकळं पाहिजे, धून सुद्धा. नाहीतर धून बदला. ग्रुप म्हणाला, बदल ना, मास्तर तर आता नाहीत. हे वाक्य लिहिणाऱ्याला माझ्याकडून एक धपाटा बाकी आहे.

मास्तरांची धून आता काकूंची. मी विचारायला गेले. खरं सांगते, काकूंनी हो म्हणावं असंच मला वाटत होतं. शाळा होत्या ना.

काकू म्हणाल्या, "इचारलंय ना त्यांनी? मंग दे की."

"विचारलंय, काकू. पण एकदा हो म्हणलं की नंतर कुणालाच विचारावं लागणार नाही. कायमचं."

"म्हंजी ह्ये शेवटचं इचारनं?"

"हो."

काकू भाजी निवडत होत्या. निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते हुते तवा कुनी ना कुनी यायचं. फोन यायचा. कुठला पाळना, कुठलं हाटेल. आता मला कोन इचारनार हाय, पोरी?"

मी घरी आले आणि लिहिलं: धून राहील. अट राहील. शाळांना गेम आम्ही स्वतः पेन ड्राइव्हमध्ये घालून देऊ, दारोदार फिरून देऊ, पण सलामी विचारूनच वाजेल. धुनेच्या खालचा माझा मेल काढला आणि तिथं लिहिलं: काकूंना विचारा. श्रीरामपूर. कुणीही सांगेल घर. म्हणू देत मला अडाणी, म्हणू देत की हे ओपन सोर्सच नाही. माझा कोड मोकळाच आहे, न्या, विका, मजा करा. पण म्हणून सगळं मोकळंच सोडलं पाहिजे, असं मला कुणी सांगायचं नाही!

आता तुम्ही सांगा. तुमच्याकडं आहे का असं काही, जे मागितलं तर तुम्ही हसत फुकट देऊन टाकाल, पण न विचारता कुणी उचललं तर जिवाला लागेल? झालंय का तुमच्याबरोबर कधी असं? की मी एकटीच आहे?