फिल्टरला खोबरेल

माझ्या टर्बो गाडीचा जीव मी स्वतःच्या हातांनी धोक्यात घातला, आणि तोही निव्वळ हौसेपायी. कंपनीने दिलेला हवेच्या फिल्टरचा काळा डबा मला पहिल्या दिवसापासून खुपत होता. त्याच्यामुळे इंजिन गुपचूप श्वास घ्यायचं, आणि मला तर टर्बोचा फुसकारा ऐकायचा होता. मालवणच्या बाजारात लोकांनी माना वळवल्या पाहिजेत, बस. म्हणून म्हापशाहून उघडा फिल्टर आणला, थंड हवा मिळावी म्हणून पुढच्या बंपरमागे खाली बसवला आणि मूळ डबा माळ्यावर आंब्याच्या पेट्यांमागे लपवला.

लपवला तो बाबांपासून. त्यांनी जन्मभर मच्छीमार लाँचवर इंजिन सांभाळलं. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचा माणूस धुकट दिसायचा, पण कान शाबूत. "ह्या मातयेत नि खाऱ्या वाऱ्यात इंजिनाचा तोंड उघडा ठेवूचा नसता," असं ते माझ्याकडे न बघता म्हणायचे. मी म्हणायचो, "बाबानू, गाडी बरी आसा."

त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन कोल्हापुरात ठरलं होतं. आधीच्या तीन तारखा त्यांनी हुकवल्या होत्या. एकदा सर्दी, एकदा कुणाचं तरी बारावं, एकदा नुसतंच "बघूया मगे". डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता उशीर झाला तर डोळा हातचा जाईल. चौथी तारीख काही झालं तरी चुकवायची नाही, असं मी ठरवलं होतं.

आदल्या संध्याकाळी मी फिल्टर धुतला. असल्या कापडी फिल्टरला धुतल्यावर खास तेल लावावं लागतं, म्हणजे तो धूळ धरून ठेवतो. ते तेल संपलेलं, आणि कुरिअरने यायला आठवडा. घरात आमच्याच माडांचं, घाण्यावर काढलेलं खोबरेल डबाभर होतं. डोक्याला चालतं, बिजागरीला चालतं, मग फिल्टरला का नाही? शिवाय आमच्या घरात तेल बेताने घालण्याची पद्धतच नाही. फिल्टर न्हाऊन निघाला. बाबा अंगणात बसले होते. वास त्यांना आला असणारच, पण ते काही बोलले नाहीत. बाबा इंजिनाबद्दल गप्प बसले, इथेच मला शंका यायला हवी होती.

सकाळी निघताना त्यांनी एक पिशवी माझ्या हातात दिली. "कोल्हापूरच्या भैनीक सुकट आसा. उघडू नको, गाडयेत वास सुटात." मी ती डिकीत टाकली. मग त्यांनी गाडीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज जा काय व्हतला ता होवंदे, पण झिलाच्या इंजिनाक धक्को लागाक देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. त्यांनी डोळ्याचं नावच घेतलं नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही.

डिसेंबर होता. मालवणात वाहणारं खोबरेल थंडीत वर आंबोलीच्या घाटात चमच्याने काढावं लागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. घाटाच्या वरच्या वळणांवर गाडीचा जोर गेला. थांबून बंपरखाली हात घातला, तर फिल्टरवर पांढरा थर, त्यात रस्त्याची लाल माती. नारळाची वडी थापल्यासारखी. थंड हवा मी मागितली होती आणि ती भरपूर मिळाली होती.

बाबा कठड्यावर बसले. इतके निवांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "रवांदे रे. पुढची तारीख घेवया."

पण मी इरेला पेटलो. गाडी चालू करून ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन घुसमटलं, मागून निळसर धूर आला. बाबांनी तोंड फिरवलं. मी पुन्हा दाबला तसे ते उठलेच.

"बंद कर. मारून टाकशीत तेका." मग डिकीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती सुकटाची पिशवी काढ."

पिशवीत जुन्या लुंगीत गुंडाळलेला काळा डबा होता, वर दहा नंबरचा पाना. स्क्रूसुद्धा तंबाखूच्या डबीत जपून ठेवलेले. बाबांनी हातांनी चाचपत अर्ध्या तासात तो बसवला. मी नुसता पाना देत होतो. गाडी गुपचूप श्वास घेत घाट चढली आणि आम्ही वेळेत पोचलो.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी विचारलं, "तुमका म्हायत होता, तर काल कित्याक सांगलास नाय?"

"मगे गाडी थांबतली कशी?" ते जमिनीकडे बघत म्हणाले. "माका भिया वाटता रे. डोळ्यात सुरी घालतले."

जन्मभर वादळात लाँचचं इंजिन सांभाळणारा माणूस कशाला तरी भीत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन तारखा मी फक्त त्यांच्यावर चिडलो होतो. मला लाज वाटली.

"मग डबो कित्याक आणलास?"

"डोळो माझो," बाबा म्हणाले. "इंजिन तुझा."

त्यांचा उजवा डोळा आता स्वच्छ झालाय. परवा डाव्या डोळ्याची तारीख मिळाली. बाबांनी उजव्या डोळ्याने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तो म्हापशाचो फिल्टर खंय ठेवलंस रे? बसव तो परत. खोबरेल मी काढून ठेवतंय."