आमरीला पाणी

दाजी गेल्याची तार मिरजगावला आली तेव्हा मी जेवत होतो. हात धुताना पहिला विचार आला तो हा, की आता तरी अक्काला तिच्या वऱ्हांड्यात निवांत बसता येईल... गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण महिना झाला, गोड बोलणारे बोलून गेले.

माझे हे मेहुणे नगरला एका कचेरीत हेडक्लार्क होते. आवाज मात्र कलेक्टरचा. डोंगराकडच्या अकोले तालुक्यातली बदली संपवून येताना माणसं तांदूळ आणतात, यांनी झाडाची एक फांदी आणली. तिला चिकटलेल्या बोटभर हिरव्या कांड्या. "आमरी आहे ही, बबनराव, ऑर्किड. डोंगरातली, थंड हवेतली. तुम्हाला ज्वारीपलीकडे काय कळणार?" मग नगरच्या उन्हात वऱ्हांड्याचं महाबळेश्वर करणं सुरू झालं. ओली गोणपाटं, टेबलफॅन आणि भाषण. पाहुण्याने चपला काढायच्या आत भाषण.

तेवढ्यात मोठा दुष्काळ आला. अक्का टँकरपुढे हंडे घेऊन ताटकळायची आणि हे महाशय दाढी करता करता खिडकीतून बजावायचे, "तांब्याभर पाणी शिंप गं. जीव आहे तो." बायकोलाही जीव असतो हे त्यांच्या वाचनात आलं नसावं. थंडीत मी गेलो, तर अक्का फांदीवर तांब्या हलवत होती आणि थेंब पडत नव्हता.

"अगं, रिकामाच हाय की!"

"दिवाळीपासनं रिकामाच हाय," ती पदराआड हसली. "त्यांना हात हललेला दिसला म्हंजी झालं. मरंना का मेलं ते."

आमरीची पानं गळाली. दाजींचं तोंड उतरलं. आणि शिमग्याच्या सुमारास त्या उघड्या कांड्या पांढऱ्या फुलांनी अशा लगडल्या, की गल्ली लोटली. "निगा! नियमित पाणी!" दाजी छाती काढून सांगत होते. अक्का माझ्याकडे बघेना. बघितलं असतं तर हसून फुटली असती.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, नळाला पाणी आलं आणि दाजींनी तांब्या स्वतःच्या हातात घेतला. भर थंडीत दोन्ही वेळा पाणी. कांड्या काळ्या पडून मऊ व्हायला लागल्या. अक्काला राहवेना. "सांगू का रे त्यांना? कोरडं ऱ्हायलं म्हनून फुललं हुतं ते."

"गप ऱ्हा. जिरू दे जरा," मी म्हणालो.

ते झाड कुजताना बघायला मला गोडी वाटत होती. हलकटपणा म्हणतात तो हाच. दाजींच्या अंगात निदान तो नव्हता. ते नुसते मूर्ख होते.

कांड्या गळून गेल्या, फांदी उरली. तिच्यावरही ते पाणी शिंपत राहिले. भाषण बंद झालं. पाहुणा आला की त्याची खुर्ची फिरवून, फांदीकडे पाठ करून ठेवायचे. एकदा मला म्हणाले, "बबनराव, माझं काय चुकलं असेल हो?" उभ्या आयुष्यात त्यांनी मला विचारलेला हा एकच प्रश्न.

"नगरची हवा, दाजी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं...

परवा गेलो होतो. फांदी अजून तारेला टांगलेली आहे. सकाळी अक्का तिच्यापुढे तांब्या घेऊन उभी.

"अगं, आता कोन बघतंय खिडकीतनं?" मी म्हणालो.

तिनं तांब्या कलता केला, आणि पाणी फांदीवरून ओघळून माझ्या पायापर्यंत आलं.